परभणीची थंडी आणि परभणीचें ऊन

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांस परभणीचें नांव वर्षांतून बहुधा दोनदांच आठवतें. एकदां पौषांत, 'राज्यांत सर्वांत थंड परभणी' असा मथळा वृत्तपत्रांत येतो तेव्हां. आणि दुसऱ्यांदा वैशाखांत, तेथील पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढल्याची वार्ता येते तेव्हां. एकाच गांवानें एकाच वर्षांत दोन्ही टोकें गांठावीं, हें पाहून विधात्यानें त्या गांवावर विशेष रोष धरिला आहे कीं काय, अशी शंका येते. तेथील लोक 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आपल्या गांवची म्हण मोठ्या ऐटीनें सांगतात. परंतु हवेच्या बाबतींत जें कांहीं बनतें तें परभणींत बनत नाहीं. तें फार दुरून येतें. कोठून व कसें येतें, हें पाहावें म्हणून गेल्या पौषांत मीं चार दिवस त्या जिल्ह्यांत काढले.

मुंबईहून रात्रीं निघालेली गाडी जालना, परतूर, सेलू, मानवत रोड अशीं स्थानकें घेत सकाळीं परभणीस पोंचते. सेलूच्या पुढें उजाडूं लागलें तेव्हां खिडकींतून काळ्या जमिनीचा सपाट विस्तार दिसूं लागला. कोठें पोटऱ्यांत आलेली ज्वारी, कोठें हरभऱ्याचीं ठेंगणीं वावरें. रुळांच्या कडेस पऱ्हाट्या पेटवून माणसें शेकत बसलीं होतीं. त्या शेकोट्यांचा धूर वर न जातां घरांच्या छपरांइतक्या उंचीवर आडवा पसरून राहिला होता. शाळेंत 'उष्ण हवा वर जाते' असें आपण सगळेच शिकलों. मग हा धूर मध्येंच कां अडला? याचें उत्तर असें कीं, अशा पहाटे जमिनीलगतची हवा सर्वांत थंड व जड असते, आणि तिच्यावर तिच्याहून ऊबदार हवेचा थर आलेला असतो. धूर त्या थराशीं पोंचला कीं, भोंवतालच्या हवेहून हलका राहत नाहीं व तेथेंच पसरतो. परभणीची थंडी म्हणजे असें हें जमिनीवर सांचलेलें थंड हवेचें तळें होय.

गांवाबाहेर वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचा मोठा विस्तार आहे. हें विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. 'परभणी क्रांति' या नांवाची भेंडी व 'परभणी मोती' ही ज्वारी येथलीच; आमच्या गृहिणींस भेंडी माहीत असते, तिचें कूळ माहीत नसतें. विद्यापीठाच्या वेधशाळेंत पांढऱ्या झडपांची लांकडी पेटी छातीभर उंचीच्या खांबांवर ठेविलेली असते, व तिच्या आंत तापमापक असतात. झडपा अशासाठीं कीं, वारा आंत यावा पण ऊन येऊं नये. याच वेधशाळेंत २९ डिसेंबर २०१८ रोजीं पारा ३ अंशांवर उतरला होता. डिसेंबर २०२४ च्या मध्यावरही तो पांच अंशांच्या खालीं गेला.

थंडीच्या दिवसांत वृत्तपत्रांत परभणीचे पुष्कळदां दोन आंकडे येतात, एक विद्यापीठाचा व दुसरा हवामान खात्याचा. आणि विद्यापीठाचा आंकडा बहुधा खालचा असतो. त्यावरून कट्ट्यावर वाद होतात. वास्तविक दोन्ही खरे असूं शकतात. घरें, भिंती, डांबरी रस्ते दिवसाची ऊब रात्रीं सोडीत राहतात. उघड्या वावरांत तसा आधार नसतो. शेतकऱ्याच्या कामाचा आंकडा विद्यापीठाचाच.

आतां ही थंडी येते कोठून? भूमध्य समुद्राकडून हिंवाळ्यांत एकामागून एक वादळी आवर्त पूर्वेकडे निघतात. सात-आठ मैल उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धांवणारा एक वेगवान वायुप्रवाह आहे. त्याच्या ओढीनें हीं आवर्तें इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरवर येतात. हवामान खातें यांस 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतें. आवर्त येत असतांना उत्तरेंत ढग दाटतात, हिम पडतें. तें पुढें सरलें कीं, त्याच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी थंड हवा राजस्थान व मध्य प्रदेश यांवरून दक्षिणेस उतरते. सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर तिला अडवावयास पुरेसे उंच नाहींत. म्हणून काश्मिरांत हिम पडल्याची बातमी आली कीं, दोन-तीन दिवसांनीं परभणींत घोंगडी बाहेर काढावी. मात्र मध्यें आकाश निरभ्र राहिलें पाहिजे.

ही 'मात्र' फार महत्त्वाची आहे. आलेला वारा थंडीचा अर्धाच भाग आणतो. उरलेला अर्धा निरभ्र आकाश करतें. दिवसा तापलेली भूमि रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. हवेंत बाष्प असलें तर तें गोधडीसारखें ती उष्णता धरून ठेवितें. कोरड्या हवेंत गोधडीच नाहीं. पौषांतली तेरा तासांची रात्र, शांत वारा, कोरडी हवा, आणि उत्तरेस जिंतूरचे डोंगर व दक्षिणेस बालाघाट यांच्यामधील गोदावरी-पूर्णा-दुधनेचा सखल प्रदेश! महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, परभणी जेमतेम तेराशें फुटांवर. तरी अशा पहाटे परभणी पुष्कळदां अधिक थंड असते. कारण डोंगरावरची थंड हवा उतारानें खालीं वाहून जाते, सपाटीवरची जावी कोठें? रत्नागिरीकरांस तर हा अनुभव यावयाचाच नाहीं. त्यांच्या दाराशीं समुद्र आहे.

याच्या उलट, बंगालच्या उपसागरावरून पूर्वेचा दमट वारा सुटला कीं ढग येतात व थंडी एका रात्रींत मोडते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजीं फेंगल नांवाचें वादळ तमिळनाडु-पुदुचेरीच्या किनाऱ्यावर आलें. त्याच्या ढगांनीं महाराष्ट्रांतील थंडी कांहीं दिवस घालविली, आणि ढग गेल्यावर वर सांगितलेला कडाका आला. गंगाखेडास गोदावरीच्या घाटावर एका वृद्ध शेतकऱ्यानें हेंच मला एका वाक्यांत सांगितलें : "गुरुजी, आभाळ आलं की थंडी पळती, आभाळ फाकलं की मग खरी हाय."

गंगाखेड हें संत जनाबाईंचें जन्मस्थान. दर्शन घेऊन मी नदीकांठच्या उसाच्या फडांकडे गेलों. तेथें ऊसतोड कुटुंबांच्या कोपी होत्या. पाचट, बांबू आणि वरून ताडपत्री. ओलिताखालचे नदीकांठचे हे सखल फड म्हणजे थंड हवा सांचण्याची ठरलेली जागा. सूर्य उगवण्यापूर्वीं कोयते सुरू होतात. झोळींतलें मूल दंवांत भिजलेल्या बांधावर असतें. पारा दहाच्या खालीं आणि नेहमींच्या सरासरीहून साडेचार अंशांनीं खालीं गेला म्हणजे हवामान खातें 'थंडीची लाट' जाहीर करतें. कोपींतल्या बाळंतिणीस लाट कोणत्या अंशाला लागते, याचें माप कोणत्याही पेटींत नाहीं.

घरांविषयींही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मराठवाड्यांतील जुनें घर माळवदाचें. लांकडी तुळया, त्यांवर काट्या-फळ्या आणि त्यांवर फूटभर पांढरी माती. ही माती दिवसाचें ऊन रात्रीपर्यंत आंत येऊं देत नाहीं, आणि रात्रीची थंडी सकाळपर्यंत थोपविते. उन्हाळ्यांत त्याच माळवदावर सारें घर झोपावयास जात असे. आतां गांवोगांवीं पत्रे आले. माळवदाची दरवर्षींची डागडुजी नको, गळती नको, हें खरें. पण पत्रा आकाशाचा प्रत्येक लहरीपणा जसाच्या तसा आंत पोंचवितो. पहाटे त्याच्या आंतल्या बाजूस दंव ठिबकतें, आणि दुपारीं भट्टी होते. मला विचाराल तर परभणीचें हवामान बिघडण्याआधीं परभणीचें छप्पर बिघडलें.

उन्हाळा म्हणजे या थंडीचाच उलटा चेहरा. चैत्र-वैशाखांत मध्य भारतावर उंच हवेंत कधीं कधीं एक प्रतिआवर्त ठाण मांडून बसतें. त्यांत हवा वरून खालीं उतरते. आणि उतरणारी हवा दाबली जाऊन दर शंभर मीटरांस सुमारें एका अंशानें तापते. ढग बनूंच शकत नाहींत. वायव्येचा कोरडा वारा राजस्थानची धग घेऊन येतो, समुद्रावरची झुळूक सह्याद्रीपलीकडेच राहते. पौषांत जी गोधडी नव्हती, तीच वैशाखांत छत्री म्हणूनही नाहीं. मधल्या फाल्गुनांत हा कोरडा वारा व उपसागराकडचा दमट वारा समोरासमोर आले तर गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्यें मराठवाड्यानें हा प्रकार आठवड्यांमागून आठवडे सोसला. उभी ज्वारी व काढलेला हरभरा मातींत गेला.

अशीं ठाण मांडणारीं प्रतिआवर्तें आपल्याकडेच होतात असें नाहीं. २०१० च्या उन्हाळ्यांत रशियावर असेंच एक कित्येक आठवडे हललें नाहीं. २९ जुलै रोजीं मॉस्कोसारख्या शीत नगरांत पारा ३८ अंशांच्या वर गेला. त्याच सुमारास पाकिस्तानांत सिंधूला महापूर आला. शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे कीं, हीं दोन्ही संकटें उंच हवेंतल्या एकाच मोठ्या लाटेच्या दोन बाजू होत्या.

अशा दूरच्या नात्यांचा शोध लावण्यांत पुण्याचाही आडवळणानें संबंध आहे. गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती १९०४ ते १९२४ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधतां यावा म्हणून त्यांनीं साऱ्या जगांतील वायुभाराचे आंकडे ताडून पाहिले, आणि प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचा वायुभार तराजूसारखा वरखालीं होतो, हें शोधिलें. आज ज्यास एल् निनो म्हणतात तो याच तराजूचा खेळ. खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून १९२८ सालीं पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अद्याप 'सिमला ऑफिस' म्हणतात व तिच्यावरून जातांना बहुतेक जण हवेचा विचारही करीत नाहींत. २०१५ सालीं एल् निनो प्रबळ होता. पाऊस फसला, आणि पुढच्या उन्हाळ्यांत, १९ मे २०१६ रोजीं, राजस्थानांत फलोदी येथें पारा ५१ अंशांवर गेला. त्याच उन्हाळ्यांत परभणीच्या शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.

सहाव्या शतकांतल्या वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मेघांच्या गर्भाचें प्रकरण लिहिलें आहे. मार्गशीर्षापासून वारा, ढग व आकाशाचा रंग पाहून गर्भ राहिला कीं नाहीं हें ठरवावें, आणि १९५ दिवसांनीं त्याचा पाऊस पाहावा, असा त्याचा हिशेब. हिशेब आज कोणी मानणार नाहीं. पण हिंवाळ्यांतल्या वाऱ्याचा पावसाशीं कांहीं संबंध असला पाहिजे, ही त्याची दृष्टि मला वॉकरसाहेबांच्या दृष्टीची फार जुनी आप्त वाटते.

परभणीचें विद्यापीठ दर मंगळवारीं व शुक्रवारीं शेतकऱ्यांसाठीं हवामानाचा सल्ला काढतें. कडाका येणार असेल तर पिकांस रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें, असें त्यांत असतें. विहिरीचें पाणी पहाटेच्या हवेहून ऊबदार असतें, आणि ओली जमीन ऊब सोडीत राहते. सल्ला उत्तम आहे. शेतीच्या पंपास वीज मात्र पाळीनें मिळते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्रीं. जिंतुराहून येलदरीकडे जातांना अंधारांत वावरांतून हलणारे दिवे मला दिसले. वाहनचालकास विचारिलें तेव्हां तो म्हणाला, या आठवड्यांत रात्रपाळीची लाइन आहे, दारें धरायला माणसें गेलीं आहेत. रात्रीचा एक वाजला होता, आणि आकाश स्वच्छ होतें.