दशमीचं पाणी

नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की आम्ही दोघं आधी जानेवारीतली दशमी शोधतो. कोकणातल्या मच्छीमारांचा हिशेब सरळ आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. दहाची पाऊणपट साडेसात. अष्टमीचा भांग नुकताच सरलेला असतो, त्यामुळे पाणी उधाणासारखं सुरूच्या बनापर्यंत चढत नाही, वाळूचा एक पट्टा मोकळा राहतो. ओहोटीला दूरवर पांगलेले पक्षी सकाळी साडेसातला त्या पट्ट्यावर दाटीनं उभे असतात. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. कोवळं ऊन डोंगरावरून आपल्या पाठीशी येतं आणि थेट पक्ष्यांच्या अंगावर पडतं. संध्याकाळी त्याच जागी नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात.

पुण्याच्या चांदणी चौकातून निघायचं, ताम्हिणी उतरून माणगाव, श्रीवर्धन. बागमांडल्याला गाडी जंगलजेटीवर चढवून सावित्रीची खाडी ओलांडायची आणि वेसवीहून केळशीमार्गे आंजर्ल्याला मुक्काम. दोघांत कॅमेरा माझा. दुर्बीण आणि वही नवऱ्याची.

आंजर्ल्याच्या वाळूत पोटावर झोपायला मला दोन-तीन वर्षं लागली. उभ्यानं काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे सगळी वाळूच येते. कॅमेरा जमिनीलगत आणला की मागची लाट विरघळून नुसता निळसर रंग उरतो आणि पक्ष्याचा डोळा आपल्या डोळ्यासमोर येतो. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात राजमा भरलाय, लेन्स तिच्यावर ठेवते. कुरवांसाठी एक्स्पोजर थोडं उतरवावं लागतं, नाहीतर गडद पाण्यापुढे त्यांची पांढरी पिसं जळून जातात.

एक फोटो मी कुणाला दाखवत नाही. सुरुवातीच्या एका वर्षी उडता थवा हवा म्हणून मी नवऱ्याला पलीकडून पळत यायला सांगितलं. थवा उठला, फोटो उत्तम आला. ते पक्षी परत बसेपर्यंत नवरा वही मिटून उभा होता. त्यात तपकिरी डोक्याचे कुरव होते, लडाख-तिबेटच्या तलावांकाठी वीण करणारे. आणि लाटेमागे तुरुतुरु पळणारे सँडरलिंग, त्यांची घरटी थेट आर्क्टिकच्या टुंड्रात. परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना याच वाळूत टिपून साठवायची असते. ती आम्ही पळवून पळवून खर्च करायला लावली होती.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. लेन्समधून मला चार पक्षी दिसतात, थवा दिसत नाही. म्हणून नवरा माझ्यामागे सरपटत येतो, दुर्बिणीतून सगळ्यांवर नजर ठेवतो. माना वर झाल्या, चरणं थांबलं, की माझ्या टाचेवर दोन टिचक्या मारतो. मी असेन तिथे थांबते, कोपर हवेत असलं तरी.

यंदाच्या दशमीला सँडरलिंगांपासून वीसेक फुटांवर दोन टिचक्या बसल्या. मागून कुत्रं येत होतं. ते सुरूत शिरेपर्यंत कपाळ वाळूला टेकून पडून राहिले. कानाशी लाट, बाहीत गार पाणी. बऱ्याच वेळानं एक टिचकी बसली. मान उचलली, तर एक पक्षी एका पायावर उभा राहून चोच पाठीच्या पिसांत खुपसत होता.