भाकरीतले लोह

आमच्या पारोळ्याकडे बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी रोजचीच. दोन्हींत लोह असते. 2012 मध्ये तर महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ हे जास्त लोहाचे बाजरीचे वाण आले. मग घरातल्या बायकांना निंदणी करताना धाप का लागते?

एक कारण चहा. जेवणावर लगेच घेतला, की अन्नातले बरेच लोह अंगी लागत नाही. लिंबू मात्र ते अंगी लावते.

दुसरे कारण रीत. पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागते, पाळी येणाऱ्या बाईला 29. तरी ती जेवते शेवटी, उरलेसुरले. माझ्या आईनेही जन्मभर तेच केले.

तेव्हा भाजीवर लिंबू पिळा, चहा तासाभराने घ्या, आणि सर्वांबरोबरच जेवायला बसा. थकवा हटेना, तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या.