पायाखालची जमीन

गेल्या मे महिन्यात आम्ही चौथ्यांदा घर बदलले. सामान टेम्पोच्या एकाच खेपेत मावले. तुळशीची कुंडी मात्र आईने मांडीवरून नेली. घरमालकाला जागा बिल्डरला द्यायची होती. खोली तीच, भिंतींची ओलही तीच. पण शेजारून नवा रस्ता गेला आणि खालच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. बाबा म्हणाले, "भाव वाढला जमिनीचा, आणि उठायचं आपण!"

त्याच सुमारास मी भूदानाविषयी वाचत होतो. खरे सांगायचे तर परीक्षेपुरतेच! १९५१ साली पोचमपल्लीत विनोबांना पहिले भूदान मिळाले. पुढे ग्रामदान आले. त्यात जमिनीची मालकी गावाची, पण कसणारा कसतच राहतो.

हा विचार थेट अमेरिकेत पोहोचला, हे वाचून मी चकित झालो. जॉर्जिया राज्यात मतदार म्हणून नाव नोंदवले, एवढ्यासाठी काळ्या कुळांना जमीनमालक घराबाहेर काढीत. तेव्हा चार्ल्स व शर्ली शेरॉड, रॉबर्ट स्वान आदींनी १९६९ साली 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली. ग्रामदानापासूनही त्यांनी प्रेरणा घेतली होती. सुमारे ५,७०० एकर जमीन संस्थेच्या नावे झाली. पण दुष्काळ पडला, सरकारी कर्ज देताना भेदभाव झाला आणि १९८५ साली ती जमीन गेली. नुकसानभरपाईचा निकाल लागायला २००९ साल उजाडले!

तरी कल्पना मेली नाही. बर्लिंग्टन शहरात १९८४ साली असाच न्यास निघाला. तिथे घर कुटुंबाचे, जमीन न्यासाची. जमिनीची किंमत मोजायची नसल्याने घर स्वस्त पडते. सोडून जाताना मात्र वाढलेल्या किमतीचा चौथा हिस्साच हाती येतो. बाकीचा घरातच राहतो, म्हणून पुढच्या गरजूलाही ते परवडते.

मी मोठ्या उत्साहाने हे घरी सांगितले. बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे जन्मभर हप्ते भरायचे, आणि विकताना चार आणे? जमीन आपल्या नावावर नाही, ते कसलं घर?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. पोरांसाठी एक प्लॉट घेऊन ठेवावा, म्हणून त्यांनी वीस वर्षे ओव्हरटाइम केला आहे.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पण तिथून कुणी उठवत नाही ना?"


"नाही," मी म्हणालो.

"मग यांना काय विचारतोस? मला विचार."