हात वर ठेवा, ताई

नाशिकरोडला राहणाऱ्याला आकाशाचं अप्रूप नसतं. जवळच्या गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरचं शिक्षण मिळतं, त्यामुळे हेलिकॉप्टरांची घरघर सकाळच्या चहाबरोबरच सुरू होते. ओझरच्या कारखान्यातली सुखोई विमानं चाचणीला निघाली की कानठळ्या बसतात. कित्येक वर्षं मी मान वर करून हे नुसतं बघत आले. मग पुण्याच्या शीतल महाजन यांच्याविषयी वाचलं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी मारली, तीही उणे ३७ अंशांच्या थंडीत. ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती, त्याआधी सरावाची एकही नाही. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढी वर्षं मी फक्त बघतच राहिले, याची पहिल्यांदा लाज वाटली.

चौकशी सुरू केली. स्कायडायव्हिंग म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी. नवख्याला बहुधा ‘टँडम’ देतात, म्हणजे जोडउडी. शिक्षकाच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधून घ्यायचं आणि बाकी सगळं त्याच्यावर सोडायचं. पण त्याला विमान लागतं, धावपट्टी लागते, परवानग्या लागतात. मला जवळपास तशी सोय सापडली नाही. ओळखीतल्या एका निवृत्त फौजी काकांनी सुचवलं, “आधी छत्रीशी ओळख करून घे. पुण्याकडे कामशेतला पॅराग्लायडिंग शिक.” मला वाटलं, हे काहीतरी वेगळंच सांगतायत. मग कळलं, की १९७८ साली फ्रान्समधल्या मियुसी गावी पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला डोंगरउतारावरूनच छत्री उघडून धाव घेतली आणि त्यातून हा खेळ वाढला. दोन्हींचं मूळ कापड एकच.

मार्चमधे चार दिवसांची रजा काढली. सिन्नर, संगमनेर, चाकण, तळेगाव करत कामशेत गाठलं. पहिलंच काम वजनाचं. छत्री माणसाच्या वजनाप्रमाणे देतात. लहान पडली तर ती वेगाने खाली येते, मोठी पडली तर वाऱ्यात नीट ऐकत नाही. फॉर्मवर मी लिहिलं होतं ते वजन जुनं होतं. काट्यावर सहा किलो जास्त भरले. शिक्षक हसले नाहीत. काढून ठेवलेली छत्री परत ठेवून दुसरी आणली आणि शांतपणे म्हणाले, “ताई, इथे वजन खोटं लिहिलं तर छत्रीपण खोटी मिळते.”

मग हार्नेस. ही पाठीला घ्यायची जाड झोळी, हवेत तीच खुर्ची होते. मी घाईघाईने छातीचं बक्कल लावलं. त्यांनी ते सोडायला लावलं. आधी मांड्यांचे दोन पट्टे, मग छाती. मांड्यांचे पट्टे राहून गेले तर हवेत माणूस झोळीतून खाली घसरू शकतो, आणि तिथे दुरुस्तीला कोणी येत नाही. त्या दिवशी मी ते पट्टे बारा वेळा लावले आणि सोडले. रात्री जेवताना माझा हात नकळत मांडीकडे जाऊन बक्कल चाचपत होता.

दुसऱ्या दिवशी छत्री उघडली. तिला हे लोक ‘विंग’, म्हणजे पंख म्हणतात. त्यात काड्यांचा सांगाडा नाही. दोन थरांचं कापड, मधे शिवलेले कप्पे. पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडं उघडी. वारा आत शिरला की कापड फुगून पंखाचा आकार घेतं. माझं माहेर येवल्याचं. आसारी, म्हणजे पतंगाच्या दोऱ्याची फिरकी, हातात धरून वाढले, त्यामुळे वाटलं, हे तर आपलंच काम. वाऱ्याला तोंड केलं, पुढच्या दोऱ्यांचे पट्टे ओढले, पंख सळसळत डोक्यावर आला. आणि पतंग स्थिर करायला हिसका देतात तसा मी दोन्ही हातांनी खाली हिसका दिला. पंख लगेच मागे कोसळला. हातातल्या त्या दोऱ्या ब्रेकच्या होत्या. त्या ओढल्या की पंखाची मागची कड खाली वाकते, वेग मरतो. “हात वर ठेवा, ताई! हात वर!” सकाळभर तेच ऐकलं. दुपारी कुठे उमगलं. पतंग उडतो कारण कोणीतरी त्याला जमिनीवरून धरून ठेवतं. इथे धरून ठेवलं की संपलं. पंख जिकडे जाईल तिकडे त्याच्याखाली आपण पळायचं.

तिसऱ्या दिवशी पडायला शिकवलं. गुडघ्याएवढ्या कट्ट्यावरून उडी, पाय जुळलेले, गुडघे सैल, आणि जमीन लागताच एका कुशीवर लोळायचं. छत्रीधारी सैनिकही असंच पडायला शिकतात. पडताना मी हात पुढे टेकवत होते. मनगट मोडायची तीच वाट. लहानपणापासून पडत आले होते, पण नीट पडता येत नव्हतं.

संध्याकाळी टेकडीवर गेलो. पट्टे लावले, हेल्मेट घातलं, आणि बसून राहिलो. काठीवर ‘विंडसॉक’ होता. शब्दशः वाऱ्याचा मोजा. तो आडवा ताठ झाला होता आणि मधेच फडफडत होता. दोन तास गेले. मी विचारलं, “थोडं धाडस केलं तर?” शिक्षकांनी खालच्या खाचराकडे बोट दाखवलं. तिथे कोणी भाताच्या रोपांसाठी राब भाजत होतं. धूर वर चढत नव्हता. जमिनीला चिकटून पळत होता आणि बांधापाशी फाटून गरगरत होता. “आपण उडणार आहोत ती हवा तशी आहे,” ते म्हणाले. सगळ्यांनी सामान आवरलं. दोन तास मी मोजा आणि घड्याळ बघत होते. धूर माझ्या डोळ्यांसमोरच होता, पण तो मला वाचता आला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच खाचरातला उरलासुरला धूर अलगद तिरका चढत होता. पंख वर आला. हात वर. पळाले. तीन पावलं जमिनीवर पडली, चौथं पडलं नाही, तरी पाय चालतच राहिले. मग सगळं शांत झालं. फक्त दोऱ्यांतून वाऱ्याची बारीक शीळ. पिवळं गवत पायांखालून मागे सरकत होतं आणि माझी सावली उतारावरून माझ्यापुढे धावत होती. रेडिओवर आवाज आला, “आता दोन्ही ब्रेक पूर्ण.” याला ‘फ्लेअर’ म्हणतात. कावळा कठड्यावर बसताना पंख पसरून थबकतो, तसं. मी अर्ध्या क्षणाने उशीर केला आणि गुडघ्यांवर आले. लोळायचं विसरले. गुडघ्यांना माती लागली होती, आणि मी रडत होते.

परतताना आईला फोन केला. तिने विचारलं, “किती वेळ उडालीस गं?”

“पंचवीस सेकंद.”

“आणि बाकीचे चार दिवस काय केलंस?”

विमानातून उडी मारायची आहे, ती मी मारणारच. पण त्या क्षणी खरं उत्तर एकच होतं.

“वारा बघायला शिकले, आई.”