भूक लागते, तिथेच घोटाळा होतो

श्रीपूर, ता. माळशिरस

चि. ताई,


तुझ्या सातवीच्या मुलांच्या वह्यांचे फोटो निवांत बसून वाचले. ‘आय ॲम हंगर’, ‘ही इज व्हेरी अँगर’, ‘आय बिकेम सक्सेस’. नाम आणि विशेषणाच्या व्याख्या तोंडपाठ असूनही चुका थांबत नाहीत, असं तू लिहितेस. व्याख्या घोकून त्या थांबणारही नाहीत. मुलं मराठीत अगदी बरोबर विचार करताहेत, म्हणून इंग्रजीत अडखळताहेत.

आपल्याला भूक लागते, राग येतो, भीती वाटते, कंटाळा येतो. भूक, राग, भीती, कंटाळा ही सगळी नामं, आणि वाक्याचे कर्तेही तेच. आपण नुसते ‘मला’. इंग्रजीत मात्र कर्ता माणूस असतो आणि त्याची अवस्था विशेषणाने सांगतात: हंग्री, अँग्री, अफ्रेड, बोअर्ड. पोराने भुकेच्या नामाला इंग्रजी नाम दिलं, एवढंच. तेव्हा फळ्याच्या एका बाजूला ‘मला राग आला’ लिही, दुसऱ्या बाजूला ‘आय ॲम अँग्री’, आणि दोन्हीकडे कर्ता कोण ते त्यांनाच शोधू दे. ‘आय ॲम बोअरिंग’ त्यानंतरच घे. बोअर्ड म्हणजे ज्याला कंटाळा आला तो, बोअरिंग म्हणजे ज्याचा कंटाळा येतो तो. हा फरक मुलं लगेच पकडतात.

शब्दांच्या जाती पाठ करायची आपली सवय जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेच इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर. पण इंग्रजी शब्दाची जात पुष्कळदा त्याच्या जागेवरून कळते. नेस, मेंट ही नामाची शेपटं, फुल, लेस ही विशेषणाची, हे शिकव जरूर. मात्र ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, असं सांगू नकोस. ‘फ्रेंड्ली’ विशेषण आहे.

नुसती जागाही कधी फसवते. इथल्या साखर कारखान्याचंच बघ. ‘शुगर फॅक्टरी’मधला ‘शुगर’ विशेषणाच्या जागी बसलाय, तरी नामच. ‘व्हेरी स्वीट टी’ चालतं, ‘व्हेरी शुगर फॅक्टरी’ चालत नाही. ‘द टी इज स्वीट’ म्हणता येतं, ‘द फॅक्टरी इज शुगर’ म्हटलं की वर्ग हसतो. ‘वुडन’सारखं विशेषण सहसा ‘व्हेरी’ घेत नाही, पण ‘द टेबल इज वुडन’ बरोबर; म्हणून दोन्ही कसोट्या लावायच्या. आपल्या ‘साखर कारखाना’तली साखरही अशीच नाम राहून पुढे बसलीय, त्यामुळे उसाच्या पट्ट्यातल्या पोरांना हे परकं वाटत नाही. असं नाम इंग्रजीत बहुधा एकवचनीच राहतं: ‘शू शॉप’, ‘टेन-डे लीव्ह’. तुझ्या वह्यांत ‘टेन डेज लीव्ह’ चार ठिकाणी आहे, तेही ‘डेज’नंतरच्या ॲपॉस्ट्रॉफीशिवाय; ती असती तर चाललं असतं. रजेचे अर्ज पुन्हा लिहून घे आणि मला पाठव.

तुझा,
मामा