शिराझला आपले कोण आहे?

बीड जिल्ह्यात 'प्रवास' या शब्दाला पोटाची काळजी चिकटलेली असते. दसरा सरला की कोयते घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा मुलखात बसून इराणमधील शिराझ शहर पाहण्याचा बेत आखणे ऐकणाऱ्याला चैनीचे वाटावे, यात नवल नाही. "जायचेच तर वेळांकणीला जावे, साधलेच तर जेरुसलेमला. शिराझला आपले कोण आहे?" असे घरच्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता.

शिराझ हे सादी आणि हाफिझ या महाकवींचे गाव. चौदाव्या शतकात बहमनी सुलतानाने हाफिझला दख्खनला बोलावले; पण होर्मुझला समुद्राचा खवळलेला अवतार पाहून तो माघारी फिरला, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. आपला मराठवाडा त्याच बहमनी राज्यात होता. कवी आला नाही. त्याच्या भाषेतील शहर, बाजार, दरवाजा, जमीन हे शब्द मात्र आले आणि मराठीचेच होऊन राहिले.

परंतु माझ्या मनातील शिराझ हाफिझचे नाही, राणी केतेवानचे आहे. ती जॉर्जियातील काखेती राज्याची राजमाता. राज्य वाचावे म्हणून ती शाह अब्बासकडे गेली आणि ओलीस म्हणून सुमारे दहा वर्षे शिराझला राहिली. ख्रिस्ती श्रद्धा सोडण्यास तिने नकार दिला, तेव्हा 1624 च्या सप्टेंबरात तापलेल्या सांडशींनी हाल हाल करून तिला ठार मारण्यात आले. जॉर्जियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने तिला संतपद दिले.

आपला धागा येथेच जुळतो. 1602 मध्ये गोव्याहून निघालेले ऑगस्टिनियन संन्यासी इस्फहानला शाहच्या दरबारी पोहोचले होते. पुढे शिराझलाही त्यांचा मठ झाला. राणीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्यांनीच तिचे अवशेष गुप्तपणे काढून घेतले. त्यांचा काही भाग जॉर्जियाला गेला, काही 1627 मध्ये जुन्या गोव्याला आला. ती ऑर्थोडॉक्स, ते कॅथलिक. तिचे रक्तसाक्ष्य त्यांना आपलेच वाटले.

गोव्याच्या पवित्र टेकडीवरील त्यांचा मठ 1835 मध्ये ओस पडला. 1842 मध्ये चर्चची कमान कोसळली, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. पेटी कोठे ठेवली होती, ते पोर्तुगीज कागदपत्रांतच उरले. त्यांच्याच आधारे उत्खनन झाले आणि अस्थी सापडल्या. 1948 पर्यंत आपण ज्या संस्थानाचे रहिवासी होतो, त्याच्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेतील प्रयोगशाळेत, त्यांची जनुकीय तपासणी झाली. जॉर्जियन लोकांत आढळणारा व भारतीयांत न दिसणारा वंशधागा त्यांत मिळाला. 2021 च्या जुलैत भारताने या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सन्मानपूर्वक अर्पण केला. शिराझला आपले कोण, याचे माझे उत्तर हे असे आहे.

"जेथे रक्तसाक्षी मारली गेली, तेथे हौसेने कसे जावे?" असेही कोणी विचारील. पण रोमलाही पेत्र आणि पौल यांचे रक्त सांडले आणि आपण तेथे गुडघे टेकायला जातो. ज्या राज्यात राणीचा छळ झाला, त्याच राज्यात परदेशी संन्याशांना मठ उभारण्याची मुभाही मिळाली होती. या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवणे कठीण असते. आजच्या दिवसांत तर ते अधिकच गरजेचे आहे, कारण जुन्या जखमा दाखवून शेजाऱ्याशी वैर धरायला शिकवणारे पुष्कळ भेटतात.

जून 2025 मध्ये इराणमध्ये युद्ध भडकले आणि तेथील भारतीयांना परत आणावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीयांची व्हिसामुक्त प्रवेशाची सवलतही स्थगित झाली. त्यामुळे माझा बेत तूर्त वहीतच आहे. हाफिझलाही परतावे लागले होते, हा एक दिलासा! तथापि त्या प्रवासाचा पहिला टप्पा आपल्या आवाक्यातला आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे जुन्या गोव्याला जातात आणि बॉम जेझुसमधूनच परततात. पुढील खेपेस त्यांनी थोडी चढण चढून त्या 46 मीटर उंचीच्या भग्न मनोऱ्यापाशीही यावे. राणीसाठी एक प्रार्थना म्हणावी. दुसरी शिराझच्या लोकांसाठी.