आमच्या गोरेगावात फिल्मसिटी नाही

पोस्ट मोठी आहे. आत्ता घाईत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण वाचा.

आधी एक खुलासा. हे गोरेगाव मुंबईचं नाही. आमचं गोरेगाव सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली. सोयाबीन, तूर, हळद. बाहेर कुठं गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे फिल्मसिटीजवळ का?" चाकणला कंपनीत असलेली आमची पोरं तर आता सरळ "हो" म्हणून मोकळी होतात. या नावावरून आजवर आमची नुसती करमणूक झाली. या वेळी पैसे गेले.

गेले ते माझ्या काकूचे. सख्खी चुलती. नाव लिहीत नाही, पण गावातले ओळखतीलच. तिला विचारलं तर म्हणाली, "वळखू दे. लिही तू. फक्त तुझंबी लिही." तर माझंही लिहितो.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. २८ मार्चपासून दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा लावलं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. डीडी भारतीवर 'महाभारत' सुरू झालं. बसस्टँडजवळचं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान बंद, हाताला काम नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. नातेवाईक, वर्गमित्र, त्यांचे मित्र, पुण्यातले, संभाजीनगरचे, असे साठ-सत्तर जण जमले. काहींचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

सुरुवातीला नुसत्या गप्पा चालायच्या. मग एके दिवशी रिसोडच्या आमच्या मेव्हण्यानं प्रश्न टाकला : महाभारतातल्या 'समय'चा आवाज कुणाचा? गूगल करायचं नाही. अर्धा तास कुणालाच येईना. शेवटी काकूचा व्हॉइस मेसेज आला, मागं भांडी वाजत होती : "हरीश भिमानी. नावं यायची की टीव्हीवर, वाचत नव्हता का तुम्ही?" पाठोपाठ दुसरा मेसेज : "आन् लिहिलेलं राही मासूम रझानं."

तिथून खेळ सुरू झाला तो आजतागायत. दर शनिवारी रात्री साडेआठ. कधी नटाचे फक्त डोळे दाखवायचे, कधी शीर्षकगीताची तीन सेकंदांची धून. कधी नुसती चिन्हं. चारचा आकडा, सूर्य आणि एक म्हातारी बाई आली की 'चार दिवस सासूचे'. ढगातली वीज आणि रस्ता, 'वादळवाट'. टिपरे आजोबांच्या, म्हणजे दिलीप प्रभावळकरांच्या नुसत्या चष्म्यावरून एकदा अख्खा ग्रुप जागा झाला होता.

भांडणंही झाली, आणि खरी भांडणं नेटवर्कची. उत्तर काकूला आधी यायचं, पण ती गच्चीवर चढून रेंज पकडेपर्यंत पुण्याचं पोरगं टाइप करून मोकळं. सहा महिने पुणेवालेच जिंकायले. मग नियम बदलला : उत्तर मला खासगीत पाठवायचं, पाच मिनिटांत ज्याचं बरोबर येईल त्या सगळ्यांना गुण. त्या शनिवारपासून पहिला नंबर काकूचा. (टॉवरसाठी ग्रामपंचायतीनं काय केलं, तो विषय मी इथं तीनदा लिहून झालाय. आज नको.)

काकू सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, मुलीला कोण पाठवणार. लग्न होऊन घरात आली आणि वर्षभरानं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला. ऑक्टोबर १९८८ ला 'महाभारत' सुरू झालं तेव्हा आमच्या वाड्यात आख्खी गल्ली बसायची. रविवारी लाईट गेली तर चुलते ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे. पुढं 'सुरभि' लागायचं, रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक. त्यात शेवटी प्रश्न असायचा आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. काकूनं किती कार्डं पाठवली तिलाच माहीत. नंबर कधी लागला नाही. त्या कार्यक्रमाला लाखांनी कार्डं जायला लागली तेव्हा पोस्टानं स्पर्धेसाठी २ रुपयांचं वेगळं कार्ड काढलं. मग चुलत्यांनी कार्डं आणणं बंद केलं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की त्या ग्रुपवर पहिला नंबर येणं आपल्याला टाइमपास वाटेल, तिला नव्हतं. एका वहीत ती शनिवारचे गुण लिहून ठेवते. मी पाहिलीय ती वही.

आणि अजून एक गोष्ट. काकू शाळेत खिचडी शिजवते, पोषण आहाराची. २०१९ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'त अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे १ कोटी जिंकल्या, आठवतंय का? त्याही शाळेत खिचडी करायच्या, महिना १५०० रुपये मानधनावर. तो भाग काकूनं किती वेळा बघितला असेल! हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिला करोडपती झाला हे तिला पाठ आहेच, पण नवाथे म्हणजे टीव्हीतला माणूस. बबिता ताडे म्हणजे आपल्यातली बाई. "तिला जमलं, मला कामून नाही?" हे ती हसत म्हणायची. मीही हसायचो.

आता माझी चूक.

गेल्या दिवाळीच्या आधी मला कुठून तरी एक लिंक आली. 'मालिकांचं क्विझ खेळा, बक्षीस जिंका.' दहा सोपे प्रश्न, शेवटी नाव, गाव, मोबाइल नंबर. मी स्वतः भरली नाही. नुसती ग्रुपवर ढकलली, "बघा, आपल्या कामाची आहे" म्हणून. ज्या माणसाच्या दुकानात दिवसाला वीस जण ओटीपी विचारायला येतात, त्यानं हे केलं. काकूचे दहापैकी दहा बरोबर आले.

आठवड्याभरात तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. अमिताभचा फोटो, सिमकार्ड कंपन्यांची चिन्हं, शिक्का मारलेला कागद, २५ लाख. सोबत हिंदीत व्हॉइस मेसेज. नंबरच्या सुरुवातीला +९२, म्हणजे पाकिस्तानचा कोड, पण हे बघायचं असतं हे तिला कोण सांगणार? सांगायचं काम माझंच होतं. हा जुना प्रकार आहे, वर्षानुवर्षं चालू आहे, पेपरात शंभरदा आलाय. केबीसी कुणाला लॉटरी देत नाही. पण घरबसल्या मोबाइलवर खेळायचा त्यांचा खरा खेळ आहे, त्यात खरी बक्षिसं निघतात. त्यामुळं खोटं खऱ्याला चिकटूनच उभं असतं.

तिनं फोन केला. तो माणूस नावानिशी बोलला. "मैडम, आप गोरेगांव से हैं ना? हमारा सेट भी गोरेगांव में ही है." काकू म्हणते, इथं मी विरघळले. कारण ते खरं होतं! केबीसीचं चित्रीकरण मुंबईच्या गोरेगावातल्या चित्रनगरीत होतं, आमच्याच ग्रुपवर तो प्रश्न येऊन गेलेला, आणि उत्तर काकूनंच दिलेलं.

पुढं नेहमीचं. कुणाला सांगू नका, नाहीतर लॉटरी रद्द होईल. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच फोन करा. आधी फाइलचे ४,५०० भरा. मग टॅक्सचे ८,०००. पैसे दोन शेळ्या विकलेले होते, आणि मानधनातले साठवलेले. फोनवरून पैसे कसे पाठवायचे हे तिला मी शिकवलेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी १२,५०० गेले असते. पण मधे एक शनिवार आला. खेळ संपल्यावर कुणीतरी बातमी टाकली, दुसऱ्या जिल्ह्यातला एक माणूस असाच केबीसीच्या लॉटरीत फसला. मी त्याखाली लिहिलं : "असल्यांना करोडपती नाही, रोडपती करायला पाहिजे." चाळीसेक जण हसले. कुणी म्हणलं, अडाणी लोक. कुणी म्हणलं, हाव सुटली की असंच होतं. मेव्हण्यानं बिनडोक लोकांवर एक चुटका टाकला. अर्धा तास चाललं.

काकू ते सगळं वाचत होती. तिला त्याच क्षणी कळलं.

आणि कळल्यावर तिनं काय केलं असेल? तिनं त्या माणसाला परत फोन लावला आणि पैसे वापस मागितले. तो म्हणाला, ९,००० भरा, मागचे सगळे एकदम येतील. तिनं भरले. मला नंतर राग आला, म्हणलं, "अगं, कळलं होतं ना तुला, मग परत कशाला?" ती म्हणाली, "धर्मराजाला काय अक्कल कमी होती का रे? एकदा हरल्यावर परत कामून बसला तो?"

एकूण २१,५००.

त्यानंतर दोन शनिवार ती खेळायला आली नाही. मला वाटलं सोयाबीनच्या गडबडीत असेल. पहिले पैसे गेल्यापासून सोळाव्या दिवशी ती दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग बोलली.

१९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, लिहून ठेवा. समोरच्या माणसानं नीट विचारपूस केली, प्रत्येक व्यवहाराचा नंबर घेतला, तक्रार क्रमांक दिला. पण त्या नंबरचा खरा उपयोग पहिल्या तासा-दोन तासांत असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळवतात, मधे कुठं सापडले तर गोठवता येतात. सोळा दिवसांनी काय सापडणार? ठाण्यातही जाऊन आलो. पैसे अजून आलेले नाहीत.

हिशोब मी अनेकदा केलाय. पहिले १२,५०० त्या चोरानं नेले. शेवटचे ९,००० गेले ते मात्र आमच्या हसण्यानं. त्या शनिवारी रात्री मी ती ओळ लिहिली नसती, नुसतं "कुणाला असा फोन आला असेल तर मला सांगा" असं लिहिलं असतं, तर ती रविवारी सकाळी दुकानात आली असती. ८,००० भरून तेव्हा दुसराच दिवस होता. काही तरी हाताला लागलं असतं.

मधे एक काळ होता, कुणालाही फोन लावला की आधी अमिताभच्या आवाजात सायबर चोरांपासून सावध राहा म्हणून ऐकू यायचं. सगळ्यांनी शिव्या घातल्या त्या ट्यूनला, मीही घातल्या. काकूला विचारलं, ते ऐकून काही कळायचं का? म्हणाली, "आवाज अमिताभचा हाय एवढं कळायचं. बाकी हिंदीत भरभर बोलायलता." म्हणजे ज्या माणसाचा फोटो लावून लुटलं, सावध करायलाही तोच, आणि तिच्या लेखी दोन्हीकडून आलेला निरोप एकाच घरचा. मुंबई-दिल्लीत बसून हे ठरवणाऱ्यांना कुणी तरी सांगायला पाहिजे की खेड्यातल्या बाईला सावध करायचं तर तिच्या भाषेत, तिच्या बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या स्वयंपाकघरात येऊन सांगा. आमच्याकडं पोषण आहाराच्या बायकांना किडकं धान्य कसं ओळखायचं ते शिकवतात, खोटा मेसेज ओळखायला अर्धा तास जास्तीचा लागला असता फार तर.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. नाव न घेता, पण लिंक मी टाकली होती आणि ती ओळ माझी होती, हे लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग खासगीत मेसेज यायला लागले. एक, दोन, तीन. चाकणच्या एका पोराचे नोकरीच्या नावाखाली ६,००० गेलेले. एका सरांचे वीजबिलाच्या मेसेजवरून गेलेले, आणि हे सर त्या रात्री सगळ्यात जास्त हसलेले. मेव्हण्याचा फोन आला. त्याचेही गेलेत, आकडा सांगत नाही. बहिणीलाही सांगितलेला नाही म्हणे.

आता ग्रुपवर लिंक टाकणं बंद आहे. टाकली की बाहेर, मग तो माझा भाऊ का असेना.

काकू महिनाभर आली नाही. मी दोनदा घरी जाऊन आलो, चहा पिलो, विषय काढला नाही. गेल्या शनिवारी साडेआठला मी 'व्योमकेश बक्षी'वरचा प्रश्न टाकायच्या तयारीत होतो, तेवढ्यात तिचा व्हॉइस मेसेज आला. मागं भांडी नव्हती, गच्चीवरचा वारा होता. "आज प्रश्न माझा. दुसऱ्यांदा द्यूताला बसला तवा धर्मराजानं पणाला काय लावलं? पाच मिन्टं."

चाकणवाल्यांची उत्तरं चार सेकंदांत माझ्याकडं हजर. सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, द्रौपदी. बरोबर उत्तर एकट्या मेव्हण्याचं आलं, तेही पाचव्या मिनिटाला : बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास.

गुण काकूनंच जाहीर केले. "रिसोड धा. चाकण शून्य. रेंज असून काय उपयोग."